तीन बाजू, तीन क्रँकशाफ्ट, छत्तीस पिस्टन : ‘डेल्टिक’ इंजिनाचा इतिहास

१/ एका इंजिनात अठरा सिलिंडर आणि छत्तीस पिस्टन. सिलिंडरला वरचे झाकण नाही, व्हॉल्व्ह नाहीत. समोरून पाहिले तर सारी रचना उलट्या त्रिकोणासारखी. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तयार झालेल्या या यंत्राचे नाव ‘डेल्टिक’. त्याने युद्धनौका पळवल्या, सुरुंग काढणारी जहाजे चालवली आणि लंडन–एडिंबरा मार्गावर वीस वर्षे आगगाड्या ओढल्या. त्याचा हा इतिहास, आणि त्याच काळात भारतीय रेल्वेने वेगळी वाट का धरली, याचाही. 🧵

२/ आरंभ डहाणूपासून करू. डहाणूच्या खाडीत किंवा तलासरी तालुक्यातील झाईच्या किनाऱ्यावर मासेमारीची बोट पाहावी. तिच्या पोटात बसवलेले डिझेल इंजिन अनेकदा ट्रकच्या इंजिनाचेच समुद्री रूप असते. सिलिंडर एका रांगेत उभे, प्रत्येकात एक पिस्टन, खाली एकच क्रँकशाफ्ट. ते बंद पडले तर तांडेल किनाऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावतो आणि मिस्त्री झाकण उघडून दोष शोधतो. डिझेल इंजिनाची ही सर्वपरिचित घडण आहे. डेल्टिकचे वेगळेपण समजून घेण्यासाठी ती डोळ्यांसमोर असावी.

३/ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या वेगवान मोटर टॉर्पेडो बोटी पेट्रोलवर चालत. वेग मिळे, पण टाकीत गोळी शिरली की आगीचा भडका उडे. जर्मनांच्या तशाच बोटींत डिझेल इंजिने होती. डिझेल सहजासहजी पेट घेत नाही, त्यामुळे खलाशांच्या जिवाला धोका कमी. मात्र त्या काळची बहुतेक डिझेल इंजिने अवजड होती. हलक्या लाकडी बोटीत ती बसवली की वेग हातचा जाई. प्रश्न असा होता : पेट्रोल इंजिनाइतके हलके, तरीही डिझेलवर चालणारे शक्तिशाली यंत्र कसे घडवावे?

४/ १९४३ मध्ये ब्रिटिश नौदलाने या प्रश्नासाठी समिती नेमली आणि १९४६ मध्ये हे काम ‘डी. नेपियर अँड सन’ या कंपनीकडे आले. विमानांची इंजिने बनवणारी ही जुनी कंपनी तोवर ‘इंग्लिश इलेक्ट्रिक’च्या छत्राखाली आली होती. नेपियरकडे एक उपयुक्त अनुभव होता. जर्मनीच्या युंकर्स कंपनीने विमानांसाठी बनवलेल्या ‘युमो’ या डिझेल इंजिनाचा परवाना तिने १९३०च्या दशकात घेतला होता. डेल्टिकचे मूळ त्या जर्मन कल्पनेत आहे.

५/ ती कल्पना अशी. नेहमीच्या इंजिनात पिस्टन एका बाजूला असतो आणि दुसऱ्या बाजूला सिलिंडरचे बंद झाकण. जळणाऱ्या इंधनाचा दाब पिस्टनला ढकलतो. झाकणावर पडणारा तितकाच दाब मात्र कोणतेही काम करत नाही. युंकर्सने झाकणाच्या जागी दुसरा पिस्टन बसवला. एकाच नळीत समोरासमोर दोन पिस्टन. दोघे जवळ येतात, मधली हवा दाबली जाऊन तापते, तीत डिझेलचा फवारा पडतो, तो पेटतो आणि दोघेही विरुद्ध दिशांना फेकले जातात.

६/ या रचनेत व्हॉल्व्हचीही गरज उरत नाही. नळीच्या एका टोकाजवळ ताजी हवा आत येण्याची छिद्रे, दुसऱ्या टोकाजवळ धूर बाहेर जाण्याची. पिस्टन सरकले की छिद्रे उघडतात, परतले की झाकली जातात. हवा एका टोकाने शिरते आणि जळलेला वायू पुढे ढकलत दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. धुराकडचा पिस्टन हवेकडच्या पिस्टनपेक्षा किंचित पुढे चालवला, तर धूर आधी सुटतो आणि नंतर त्याची छिद्रे आधी बंद होऊन नळी ताज्या हवेने चांगली भरते. हा ‘किंचित पुढे’ लक्षात ठेवावा. पुढची सारी अडचण त्यातूनच उभी राहिली.

७/ अशा नळीला दोन टोके, म्हणून दोन क्रँकशाफ्ट लागतात. त्यांचे वजन आणि त्यांना जोडणारी दंतचक्रे हा या रचनेचा भुर्दंड. आता कागदावर एक त्रिकोण काढावा. तिन्ही बाजू म्हणजे तीन सिलिंडर, तिन्ही कोपरे म्हणजे तीन क्रँकशाफ्ट. प्रत्येक कोपऱ्यातील क्रँकशाफ्ट शेजारच्या दोन्ही सिलिंडरांना सामाईक. तीन सुट्या सिलिंडरांना सहा क्रँकशाफ्ट लागले असते; त्रिकोणात तीनच पुरतात. शिवाय मधली पोकळी आणि भोवतालची जागा मिळून यंत्र आटोपशीर होते. जर्मनांनीही असे बहुकोनी इंजिन करून पाहिले होते. त्यांचा आकार चौकोनी होता.

८/ कागदावर सुबक दिसणारा त्रिकोण प्रत्यक्षात मात्र जुळेना. प्रत्येक कोपऱ्यात एका सिलिंडरचा हवेकडचा पिस्टन आणि दुसऱ्याचा धुराकडचा पिस्टन एकाच क्रँकशाफ्टला जोडलेले. तिन्ही सिलिंडरांत धुराकडचा पिस्टन सारखाच ‘किंचित पुढे’ हवा. तिन्ही क्रँकशाफ्ट एकाच दिशेने फिरवले, तर दोन बाजूंचा मेळ बसे आणि तिसरी बिघडे. तिसरी दुरुस्त करावी, तर पहिली बिघडे. त्रिकोणाला फेरी मारून आरंभाच्या कोपऱ्यावर परतले की हिशेब चुकलेला आढळे.

९/ ही गाठ सुटल्याचे श्रेय हर्बर्ट पेनवॉर्डन यांना दिले जाते. ते नौदलाच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेतील वरिष्ठ आरेखक, म्हणजे ड्राफ्ट्समन होते. त्यांनी सुचवले की तीनपैकी एक क्रँकशाफ्ट उरलेल्या दोघांच्या उलट दिशेने फिरवावा. तसे केल्यावर तिन्ही सिलिंडरांतील अंतर एकसारखे जुळते. नेपियरच्या अभियंत्यांनी त्यानुसार दंतचक्रांची साखळी आखली आणि तिन्ही क्रँकशाफ्टची शक्ती एका बाहेरच्या शाफ्टवर आणली. यंत्रांच्या इतिहासात आरेखकांची नावे क्वचितच टिकतात. हे एक टिकले.

१०/ पहिले इंजिन १९५० मध्ये तयार झाले. सहा त्रिकोण एकामागे एक ठेवून अठरा सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरचा व्यास सुमारे १३० मिलिमीटर, एकूण आकारमान ८८ लिटरांच्या आसपास. क्रँकशाफ्टच्या एका फेरीत अठराही सिलिंडर पेटत, म्हणजे दर २० अंशांना एक स्फोट. त्यामुळे शक्तीचा प्रवाह अतिशय समतोल. नौदलासाठीच्या आवृत्तीतून २,५०० अश्वशक्ती निघे आणि वजन पाच टनांच्या आत-बाहेर. म्हणजे एका अश्वशक्तीमागे सुमारे दोन किलो. डिझेल इंजिनाच्या बाबतीत हा आकडा त्या काळी थक्क करणारा होता.

११/ चाचणीही नाट्यमय झाली. युद्धात हाती लागलेल्या एका जर्मन ‘ई-बोटी’तील मूळ मर्सिडीज-बेंझ इंजिने काढून त्यांच्या जागी दोन डेल्टिक बसवण्यात आली. नवी इंजिने जुन्यांच्या जवळपास निम्म्या आकाराची होती. ज्या शत्रूच्या बोटींनी ब्रिटिशांना डिझेलचे महत्त्व पटवले, त्याच बोटीत जर्मन कल्पनेतून उपजलेले ब्रिटिश इंजिन पारखले गेले. त्यानंतर ‘डार्क’ वर्गाच्या वेगवान गस्ती नौकांना डेल्टिक मिळाले.

१२/ पण डेल्टिकला वेगाइतकेच मानाचे काम मिळाले ते सुरुंग काढणाऱ्या जहाजांत. समुद्रातील चुंबकीय सुरुंग लोखंडाची चाहूल लागताच फुटतो. म्हणून अशा जहाजाचे अंग लाकडाचे आणि सांगाडा ॲल्युमिनियमचा. त्यात लोखंडाचे भले मोठे इंजिन ठेवले, तर सारी खबरदारी वाया. डेल्टिकच्या बांधणीत हलके, अचुंबकीय मिश्रधातू मोठ्या प्रमाणात वापरता आले. ब्रिटनच्या ‘टन’ वर्गाच्या आरंभीच्या जहाजांत मिर्लीस कंपनीची इंजिने होती; पुढच्या जहाजांत डेल्टिक आले आणि काही जुन्या जहाजांतही ते मागाहून बसवले गेले. वर्गाचे नाव ‘टन’ असे पडले, कारण प्रत्येक जहाजाला ‘-टन’ने संपणाऱ्या इंग्रजी गावाचे नाव होते.

१३/ येथे कोकण किनारा या इतिहासाला येऊन भिडतो. १९५६ मध्ये भारताने याच ‘टन’ वर्गाची चार जहाजे घेतली. ‘ओव्हर्टन’चे ‘कारवार’ झाले, ‘डर्वेस्टन’चे ‘काकिनाडा’, ‘व्हिटन’चे ‘कन्नानोर’ आणि ‘वेनिंग्टन’चे ‘कडलोर’. इंग्रजी खेड्यांची नावे पुसून भारतीय बंदरांची नावे लागली. डिसेंबर १९६१ च्या गोवामुक्ती मोहिमेत, ‘ऑपरेशन विजय’मध्ये, ‘कारवार’, ‘काकिनाडा’ आणि ‘कन्नानोर’ ही जहाजे ‘बिमलीपटण’सह सुरुंगशोधक तुकडीत होती. त्याच मोहिमेत डहाणूच्या उत्तरेस, वापीशेजारच्या दमणवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन चालून गेली आणि १९ डिसेंबरला दमण मुक्त झाले.

१४/ दूरच्या आशियातही डेल्टिक पोहोचले. नॉर्वेने बांधलेल्या ‘नॅस्टी’ बोटींत दोन-दोन डेल्टिक असत आणि त्या ४० नॉटांहून अधिक वेगाने धावत. अमेरिकी नौदलाने साठच्या दशकाच्या आरंभी त्या घेतल्या. जुलै १९६४ च्या अखेरीस दक्षिण व्हिएतनामी खलाशांनी अशाच बोटींतून उत्तर व्हिएतनामच्या बेटांवर छापे घातले. त्यानंतर काही दिवसांतच टोंकिनच्या आखातातील ती प्रसिद्ध चकमक घडली आणि अमेरिका युद्धात खोल ओढली गेली. लंडनमधील आरेखनफलकावर सुटलेले कोडे अशा ठिकाणी जाऊन पोहोचले.

१५/ आता रुळांकडे. इंग्लिश इलेक्ट्रिकने १९५५ मध्ये स्वतःच्या खर्चाने एक रेल्वे इंजिन बांधले. फिकट निळा रंग, त्यावर दुधाळ पट्टे आणि आत दोन डेल्टिक. जहाजात जोरात फिरणारे यंत्र येथे थोडे शांत केले होते : मिनिटाला १,५०० फेऱ्या आणि प्रत्येकी १,६५० अश्वशक्ती. दोन्ही मिळून ३,३००. त्या वेळच्या जगातील अत्यंत शक्तिमान डिझेल रेल्वे इंजिनांत त्याची गणना झाली. त्याच्या नाकावर मोठ्या दिव्यासाठी जागा ठेवली होती, कारण कंपनीची नजर परदेशी गिऱ्हाइकांवरही होती.

१६/ फरक किती मोठा होता, हे त्याच कंपनीच्या दुसऱ्या इंजिनाशेजारी ठेवल्यावर कळते. इंग्लिश इलेक्ट्रिकचेच ‘टाइप ४’ इंजिन १९५८ मध्ये ब्रिटिश रेल्वेवर आले : २,००० अश्वशक्ती, वजन १३३ ब्रिटिश टन. रुळांवरचे डेल्टिक : ३,३०० अश्वशक्ती, वजन ९९ ब्रिटिश टन. स्वतःचे वजन कमी, म्हणजे गाडीसाठी अधिक बळ उरते आणि वेग लवकर गाठता येतो. ब्रिटिश रेल्वेच्या पूर्व विभागातील अधिकारी जेरार्ड फाइन्स यांनी या गणिताचा आग्रह धरला आणि बावीस इंजिनांची मागणी नोंदवली गेली.

१७/ १९६१-६२ मध्ये ती बावीस इंजिने आली आणि त्यांनी ५५ वाफेच्या इंजिनांची जागा घेतली. ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर वेगाने ती धावत. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ लंडनहून एडिंबऱ्याला सहा तासांत पोहोचू लागली. काही इंजिनांना शर्यतीच्या घोड्यांची नावे होती, काहींना लष्करी पलटणींची. त्यांची घरघर दुरूनच ओळखू येई आणि ती ऐकण्यासाठी मुले फलाटाच्या टोकाशी जमत.

१८/ मात्र या वैभवामागे मोठा लवाजमा होता. छत्तीस पिस्टन, तीन क्रँकशाफ्ट आणि दंतचक्रांची दाट वीण उघडून दुरुस्त करणे सामान्य रेल्वे शेडच्या आवाक्याबाहेरचे होते. धुराच्या मार्गात तेल साचून कधी आग लागे. म्हणून व्यवस्थाच वेगळी ठरली : इंजिन बिघडले की ते अख्खे उचलून बाहेर काढायचे, तयार ठेवलेले दुसरे बसवायचे आणि बिघडलेले कारखान्याकडे पाठवायचे. देखभालीची जबाबदारी करारानुसार बनवणाऱ्या कंपनीवर. एक डेल्टिक बंद पडले, तरी दुसऱ्याच्या बळावर गाडी मुक्कामाला पोहोचे. हे सारे शक्य होते, कारण गाडी ज्या देशात धावत होती, कारखानाही त्याच देशात होता.

१९/ ती बावीस इंजिने इंग्लंडमधील न्यूटन-ले-विलोज येथील ‘व्हल्कन फाउंड्री’त घडली. महाराष्ट्राला हे नाव परके नाही. मुंबई–पुणे मार्गावर धावलेली ‘डब्ल्यूसीएम-१’ ही सात विद्युत इंजिने इंग्लिश इलेक्ट्रिकने १९५४-५५ मध्ये त्याच कारखान्यात बांधली. सहा धुऱ्यांपैकी प्रत्येक धुरीला मोटर असलेली भारतातील ही पहिली विद्युत इंजिने. बोरघाटाचा चढ चढणारे इंजिन आणि लंडन–एडिंबरा धावणारे डेल्टिक एकाच कारखान्याच्या दारातून बाहेर पडले होते.

२०/ तरीही डिझेलच्या बाबतीत भारतीय रेल्वेने इंग्लंडचा नव्हे, अमेरिकेच्या ‘ॲल्को’ कंपनीचा हात धरला. १९६२ मध्ये ‘डब्ल्यूडीएम-२’ इंजिने आली. त्यांच्यासोबत तंत्रज्ञान हस्तांतराचा करारही होता. वाराणसीचा डिझेल लोकोमोटिव्ह कारखाना उभा राहिला आणि जानेवारी १९६४ मध्ये तेथून पहिले इंजिन बाहेर पडले. पुढे या एकाच प्रकारची अडीच हजारांहून अधिक इंजिने भारतात धावली.

२१/ दोन्ही इंजिने शेजारी ठेवून पाहावीत. डब्ल्यूडीएम-२ : एक मोठे, सोळा सिलिंडरांचे, सावकाश फिरणारे इंजिन, मिनिटाला सुमारे १,००० फेऱ्या, २,६०० अश्वशक्ती, एकूण वजन जवळपास ११३ टन. डेल्टिक : दोन नाजूक इंजिने, दीडपट फेऱ्या, ३,३०० अश्वशक्ती, वजन सुमारे १०० टन. आकड्यांत डेल्टिक सरस. पण डब्ल्यूडीएम-२चे एक सिलिंडर बिघडले, तर तेवढेच उघडता येई. डहाणूच्या बोटीतील इंजिनाशी त्याचे नाते जवळचे : पिस्टनसमोर झाकण, झाकणात व्हॉल्व्ह, खाली एक क्रँकशाफ्ट. हजारो किलोमीटरांवर विखुरलेल्या शेडमधील कामगारांना ते शिकता येण्याजोगे होते.

२२/ निर्मात्यांच्या नशिबाने या निवडीची कसोटी घेतली. नेपियरची मालक इंग्लिश इलेक्ट्रिक १९६८ मध्ये जीईसी समूहात विलीन झाली. पश्चिम रेल्वेच्या गांधीधाम शेडला पन्नाशीच्या दशकात मीटरगेजची डिझेल इंजिने पुरवणारी ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश कंपनी १९६२ मध्येच बुडाली. ॲल्कोने तर १९६९ मध्ये इंजिने बांधणेच थांबवले. पण वाराणसीचे काम थांबले नाही. आराखडे येथे होते, साचे येथे होते, हात येथे तयार झाले होते. मूळ कंपनी गेल्यानंतरही डब्ल्यूडीएम-२ नव्वदच्या दशकापर्यंत भारतात बनत राहिले आणि त्याची सुधारित भावंडे कोकण रेल्वेच्या गाड्या ओढत राहिली.

२३/ डेल्टिकला हे भाग्य लाभले नाही. बावीसच इंजिने असल्याने सुटे भाग महाग पडत. १९७८ पासून नव्या ‘हाय स्पीड ट्रेन’ त्यांच्या मार्गावर आल्या आणि २ जानेवारी १९८२ रोजी डेल्टिकने ब्रिटिश रेल्वेचा निरोप घेतला. समुद्रावरचे आयुष्य अधिक लांबले : ‘हंट’ वर्गाच्या सुरुंगशोधक नौकांत नऊ सिलिंडरांचे डेल्टिक एकविसाव्या शतकापर्यंत टिकले. अचुंबकीय आणि हलके इंजिन ही तेथली खरी निकड होती. बावीसपैकी सहा रेल्वे इंजिने आज जतन केलेली आहेत. निळे आद्य इंजिनही संग्रहालयात आहे.

२४/ म्हणून ‘डेल्टिक अपयशी ठरले का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ज्या कामासाठी ते जन्मले, ते त्याने चोख केले : खलाशांना पेट्रोलच्या आगीपासून वाचवले आणि सुरुंगांच्या पाण्यात लाकडी जहाजे चालवली. रुळांवर वीस वर्षे वेगाचा मान राखला. पण प्रत्येक यंत्र आपल्यामागे एक अदृश्य कारखाना ओढत असते : सुटे भाग, हत्यारे, शिकलेली माणसे. डेल्टिकमागचा कारखाना फार मोठा होता आणि तो एकाच देशात होता. १९६० च्या दशकातील भारताला परकीय चलन जपायचे होते आणि स्वतःचे कारागीर घडवायचे होते. त्याने असे इंजिन निवडले, ज्यामागचा कारखाना इकडे आणता येईल.

२५/ डहाणू रोडच्या फलाटावर आज विजेची लोकल येते. २०१३ पासून ती येथवर धावते. किनाऱ्यावर मात्र डिझेलचाच आवाज आहे. मासेमारीहून परतलेल्या बोटीचे इंजिन भरतीच्या वेळी ओट्याशी बंद होते, मिस्त्री झाकण उघडतो आणि पुढच्या भरतीपर्यंत बोट पुन्हा निघण्याजोगी करतो. या किनाऱ्यावर इंजिनाची पारख आधी याच गोष्टीवरून होते.

(समाप्त)